परवान्याचा खेळ

ज्या धंद्यांविषयीं वडील मंडळी चारचौघांत बोलतांना आवाज उतरवितात, त्यांच्या यादींत गेल्या पंचवीस वर्षांत एका नव्या धंद्याची भर पडली आहे. मुलगा डॉक्टर, वकील, निदान बँकेंत असला तर त्याचा उल्लेख पहिल्या चहाबरोबर होतो. तो व्हिडिओ गेम तयार करीत असला तर ‘कंप्यूटरमध्यें आहे’ एवढ्यावर विषय आटोपतो. त्यांतही तो परक्या सिनेमांतील किंवा व्यंगचित्रमालेंतील पात्रें परवान्यानें घेऊन, हातांत मावणाऱ्या एखाद्या यंत्रासाठीं खेळ रचीत असेल, तर घरच्यांनीं नक्की काय सांगावें हा खरोखरच प्रश्न पडतो. पात्र त्याचें नाहीं, गोष्ट त्याची नाहीं, यंत्र त्याचें नाहीं. मग त्याचें आहे तरी काय? हा प्रश्न आमचा नव्हे, आमच्या मेव्हण्यांचा. ते दौंडास राहतात आणि रेल्वेंतून सांधेवाला म्हणून निवृत्त झाले आहेत. आम्ही शिरूरास राहतों, आणि परक्या भाषेंतील परक्यांचें वाङ्मय आपल्या मुलांस शिकवून गेलीं तीस वर्षें पोट भरीत आलों आहों. ह्या प्रश्नाचा निवाडा करण्यास आमच्याइतका अधिकारी पुरुष दुसरा नाहीं असें मेव्हण्यांस कां वाटलें, हें वाचकांच्या ध्यानीं येईल.

‘परवाना’ ह्या फारसी शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अनुज्ञापत्र, दुसरा, दिव्यावर झेप घेऊन जळून जाणारा पतंग. कचेरींतला परवाना आणि गझलेंतला परवाना एकाच घरचे कसे, हें भाषापंडितांनीं ठरवावें. परंतु ह्या धंद्यांत दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात, असें आमच्या भाच्याची हकीकत ऐकल्यापासून आम्हांस वाटूं लागलें आहे.

आमची आणि ह्या खेळांची ओळख तशी जुनी. आम्ही आठवींत असतां वर्गांतील एका मुलाच्या चुलत्यांनीं आखाती देशांतून तळहाताएवढें एक यंत्र आणलें होतें. त्यांत काळ्या सावलीसारखा एक माणूस टिक्‌टिक् आवाज करीत डावीउजवीकडे सरकत असे, आणि तो सरकलेला पाहण्यासाठीं मधल्या सुटींत रांग लागे. पुढें १९९० नंतर रांजणगांवच्या महागणपतीच्या भाद्रपदांतील यात्रेंत, पिपाण्या आणि प्लॅस्टिकच्या तलवारी यांच्या शेजारीं, विटांचे निरनिराळे तुकडे वरून पडत असलेलें तसलेंच एक खेळणें विकावयास येऊं लागलें. ‘९९९९ खेळ’ असें त्याच्या खोक्यावर छापलेलें असे. प्रत्यक्षांत एकच खेळ निरनिराळ्या वेगानें खेळावा लागे. तो खेळ म्हणजे टेट्रिस. रांजणगांवच्या यात्रेंतल्या त्या विटांपैकीं एकीसही परवाना नव्हता, आणि दुकानदारास, गिऱ्हाइकास किंवा गणपतीस त्याची खंत नव्हती.

वस्तुतः ह्या टेट्रिसच्या परवान्याचीच कथा एखाद्या कादंबरीस शोभेल अशी आहे. १९८४ सालीं मॉस्कोंत विज्ञान अकादमीच्या गणकयंत्रशाळेंत काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव यानें तो रचला. सोव्हिएत राज्यांत तो खेळ सरकारजमा. पश्चिमेंतल्या तीनचार कंपन्या त्याचे हक्क एकमेकींस विकीत होत्या, आणि त्यांतील कित्येकींपाशीं विकण्याजोगें कांहींच नव्हतें. १९८९ च्या फेब्रुवारींत हेंक रॉजर्स नांवाचा गृहस्थ, कोणाचें बोलावणें नसतां, मॉस्कोस जाऊन थडकला आणि हातांतल्या यंत्रांपुरते हक्क मिळवून आला. निन्टेन्डो कंपनीचा ‘गेम बॉय’ त्याच वर्षीं निघाला. अमेरिकेंत त्याच्याबरोबर हा खेळ दिला गेला आणि दोन्ही वस्तु कोट्यवधि हातांत जाऊन पडल्या. मूळ रचणाऱ्यास मात्र त्याचें मानधन १९९६ पर्यंत सुरू झालें नाहीं. बारा वर्षें! आमच्याकडील ग्रंथकार मंडळींस हा आकडा फारसा धक्कादायक वाटणार नाहीं, ही गोष्ट वेगळी.

परवाना न मिळणें हेंही कधीं कधीं उपकारक ठरतें. १९८१ सालीं निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो यास पॉपाय ह्या पालकखाऊ खलाशाचा खेळ करावयाचा होता. त्या वेळीं त्या पात्राचे हक्क मिळेनात. मग खलाशाच्या जागीं एक सुतार, त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या जागीं एक वानर आणि नायिकेच्या जागीं दुसरीच एक मुलगी योजून त्यानें ‘डाँकी काँग’ उभा केला. तो सुतार पुढें मारिओ ह्या नांवानें जगद्विख्यात झाला. पॉपायचा परवाना लौकरच मिळाला आणि त्याचे खेळही निघाले; परंतु आज ते आठवतो कोण?

सामान्य वाचकास कदाचित् ठाऊक नसेल कीं, ह्या धंद्यांत परवाने दोन लागतात. पहिला पात्राच्या मालकाचा. दुसरा यंत्राच्या मालकाचा. त्याची मान्यता नसल्यास खेळ त्या यंत्रांत शिरतच नाहीं. गेम बॉयची ह्या बाबतींतली युक्ति मोठी मार्मिक होती. यंत्र सुरू करतांच कंपनीचें नांव पडद्यावर वरून हळूंच खालीं उतरे. तें पाहणाऱ्यास शोभेचें वाटे; खरें पाहतां ती झडती होती. नांवाची ती आकृति खेळाच्या पेटींत साठविलेली असे, आणि यंत्र आपल्याजवळच्या आकृतीशीं ती ताडून पाही. एका ठिपक्याचा फरक पडला तरी यंत्र तेथेंच थांबे. म्हणजे बिनपरवान्यानें खेळ करणाऱ्यानें आंत शिरण्यासाठीं कंपनीचें नांव उतरवून घ्यावें, आणि उतरवून घेतलें कीं व्यापारचिन्ह चोरल्याचा आरोप पत्करावा! कुलपाची किल्ली हीच चोरीचा पुरावा. सेगा ह्या दुसऱ्या एका कंपनीच्या अशाच युक्तीवर अमेरिकेंतील अपील न्यायालयानें १९९२ सालीं प्रतिकूल निकाल दिला, हें वाचून आम्हांस थोडें बरें वाटलें. परंतु युक्ति योजणाऱ्याच्या बुद्धीचें कौतुक कमी झालें नाहीं.

आतां भाच्याकडे वळूं. आत्याच्या यजमानांस आमच्याकडे मामा म्हणण्याची चाल असल्यामुळें आम्ही त्याचे मामा. २००९ सालीं पदवी घेऊन तो पुण्यास एका खेळ रचणाऱ्या कंपनींत लागला. कंपनीचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. त्या सुमारास पुण्यांत हा धंदा नुकताच बाळसें धरीत होता. फ्रान्सच्या युबिसॉफ्टनें २००८ सालीं गेमलॉफ्टची पुण्यांतली शाखा घेऊन तेथें आपलें बिऱ्हाड थाटलें होतें, आणि आसपास लहानमोठीं बिऱ्हाडें होतीं. भाचा सकाळच्या शटलनें दौंडाहून पुण्यास जाई आणि रात्रीं परत येई. निन्टेन्डोचें दोन पडद्यांचें यंत्र तेव्हां जोरांत होतें. एकेक पडदा २५६ ठिपके रुंद, १९२ ठिपके उंच. आणि मुख्य स्मृति सारी मिळून ४ मेगाबाईट. हल्लीं आपल्या फोननें काढलेलें नातवाचें एक छायाचित्रही बहुधा ह्या जागेंत मावणार नाहीं. एवढ्या जागेंत नायक, खलनायक, त्यांचीं घरें, झाडें, ढग, वाजंत्री आणि खेळाचे नियम हीं सारीं नांदवावयाचीं! पुण्याच्या पेठांतील दोन खोल्यांत बारा माणसांचा संसार आम्हीं पाहिला आहे. त्या गृहिणींस हें काम सहज जमलें असतें.

त्यास मिळालेलें पात्र एका परदेशी व्यंगचित्रमालेंतलें होतें. पात्राबरोबर त्याच्या मालकांकडून एक जाडजूड नियमपुस्तकही आलें. नायकाच्या गळपट्ट्याचा रंग अमुकच. त्याचें तोंड मागून दाखवावयाचें नाहीं. तो कोणास प्रथम मारणार नाहीं. आणि तो मरणार तर मुळींच नाहीं. कड्यावरून पडला तर त्यानें खालीं बसून डोकें चोळावें. प्रत्येक चित्र समुद्रापार मंजुरीस जाई, आणि आठपंधरा दिवसांनीं ‘भुंवई किंचित् वर’ असा शेरा घेऊन परत येई. यंत्राच्या मालकाचे नियम निराळेच. झांकण मिटलें तर खेळ झोपला पाहिजे, उघडलें तर जेथल्या तेथें जागा झाला पाहिजे; साठवण चालू असतां ‘यंत्र बंद करूं नका’ अशी सूचना दिसलीच पाहिजे; बटनांचीं नांवें त्यांनीं ठरविलेल्या शब्दांतच लिहिलीं पाहिजेत. एखादा नियम चुकला कीं सारी पोथी परत. आणि ह्या सर्वांवर मुहूर्त! सिनेमा किंवा मालिका ज्या दिवशीं लोकांपुढें यावयाची, त्या दिवशीं खेळ दुकानांत असलाच पाहिजे. लग्नाच्या मुहूर्तास एखादे वेळीं भटजी दहा मिनिटें मागेंपुढें करतील. हा मुहूर्त कोणासाठीं थांबत नाहीं.

मुहूर्ताच्या घाईनें काय होतें, याचें जें उदाहरण ह्या धंद्यांत सर्वतोमुखीं आहे, तें हातांतल्या यंत्राचें नसून घरगुती यंत्राचें आहे. तरी सांगण्याजोगें आहे. १९८२ च्या उन्हाळ्यांत ‘ई. टी.’ ह्या चित्रपटानें अमेरिकेस वेड लावलें. अटारी कंपनीनें त्याचे हक्क अवाढव्य रक्कम मोजून घेतले. वाटाघाटींत जुलै संपत आला आणि नाताळच्या बाजारास माल तयार हवा. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ ह्या तरुण रचनाकारास सुमारें पांच आठवडे मिळाले; एरव्हीं अशा कामास कित्येक महिने लागत. त्यानें पांच आठवड्यांत खेळ पुरा करून दिला. त्यांतला नायक खड्ड्यांत पडे आणि पुन्हःपुन्हां पडे. मुलें कंटाळलीं, पेट्या गोदामांत परत आल्या, आणि १९८३ सालीं कंपनीनें आपला न खपलेला पुष्कळसा माल न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो गांवच्या उकिरड्यांत पुरून टाकला. २०१४ च्या एप्रिलांत लोकांनीं तो उकरून काढला, आणि त्यांत ‘ई. टी.’च्या पेट्या सांपडल्या. मोहेंजोदडोच्या उत्खननानंतर तीस वर्षांपूर्वींच्या खेळण्यांसाठीं उत्खनन व्हावें, हा काळाचा महिमा!

लोक म्हणतात, उसन्या पात्रांवर चांगली कृति होत नाहीं. आम्हांस हें मान्य नाहीं. आगरकरांनीं १८८३ सालीं ‘हॅम्लेट’चें ‘विकारविलसित’ केलें, तेव्हां पात्रें उसनीं होतीं, कथानक उसनें होतें. आगरकरांचें तेज उसनें नव्हतें. कीर्तनकार आख्यान लावतो तें काय त्यानें रचलेलें असतें? ऐकणारे सारे शेवट जाणून असतात. बुवा तेथपर्यंत कसा नेतो हें पाहण्यासाठीं बसतात. उसनेपणानें कृति बिघडत नाहीं. घाईनें बिघडते, आणि शंभर जणांच्या शेऱ्यांनीं तिची धार जाते. शेक्सपियरकडून भुंवई वर करण्याचा शेरा आगरकरांस येण्याची भीति नव्हती, हा त्यांचा मोठाच फायदा.

आपल्याकडे तर ज्यांचा परवाना कोणीच देऊं शकत नाहीं, अशीं पात्रें विपुल आहेत. २००९ सालीं सोनीच्या यंत्रासाठीं हैदराबादेस रचलेला हनुमंतावरचा एक खेळ बाजारांत आला, तेव्हां अमेरिकेंतील एका हिंदु संघटनेच्या अध्यक्षांनीं त्यास हरकत घेतली. बटनें दाबून देवास नाचविणें हें देवाचें अवमूल्यन होय, असें त्यांचें म्हणणें. आम्हांस लहानपणीं पाहिलेलें गांवचें लळीत आठवलें. त्यांत कुंभाराचा पोरगा मारुति होऊन, शेपटी सांवरीत, पहिल्या रांगेंतल्या पाटलाच्या मांडीवर उडी घेई आणि पाटील हात जोडी. मात्र एक भेद मान्य केला पाहिजे. त्या पोरानें दिवसभर उपास केलेला असे. बटन दाबणाऱ्यानें बहुधा नुकतेच वेफर खाल्लेले असतात.

पुण्यांतच ह्या उलट एक प्रयोग झाला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांच्या ‘नॉडिंग हेड्स’ ह्या संस्थेनें कोणाचाही परवाना न घेतां, दुर्गा आणि विष्णु यांच्या संवादांतून उलगडत जाणारी, डोंबाऱ्याचे खेळ करणाऱ्या ‘राजी’ नांवाच्या मुलीची कथा रचली. २०१७ सालीं लोकवर्गणी मागितली, ती पुरी पडली नाहीं. तरी नेट न सोडतां २०२० च्या १८ ऑगस्टला तो खेळ निन्टेन्डोच्या ‘स्विच’ ह्या हातांत धरतां येणाऱ्या यंत्रावर प्रथम आणला, आणि नंतर इतर यंत्रांवर. त्या पायीं संस्थापकांपैकीं एकीनें आपलें घर विकलें. आम्हीं भाच्याच्या यंत्रावर तो पाहिला. राजस्थानी वाडे, पहाडी चित्रांचा रंग आणि मधूनच बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ, डोळे निवाले. आमच्या बोटांनीं मात्र राजीस चार वेळां दरींत लोटलें.

हा खेळ पाहिल्यापासूनच भाच्याच्या डोक्यांत वारें शिरलें. पंधरा वर्षें परक्यांच्या भुंवया वर केल्या; आतां दोन मित्रांसह नोकरी सोडून आपला खेळ करावा, असें त्यानें घरीं सांगितलें. घरावर कर्ज आहे. सून शिक्षिका आहे, परंतु कायम नाहीं. २०२४ च्या दिवाळींत मेव्हण्यांचें बोलावणें आलें आणि आम्ही एस्. टी. नें न्हावऱ्यावरून निघून चौफुल्यास गाडी बदलली. (चौफुला हें गांव लावणीच्या रसिकांस निराळ्या कारणानें परिचित आहे, आमचा संबंध केवळ गाडी बदलण्यापुरता.)

दौंडच्या घरांत फराळाचीं ताटें पुढें असतां मेव्हण्यांनीं खटला मांडला. “दाजी, तुम्ही शिकलेले. पंधरा वर्सं ह्यानं काय केलं ते मला एकदा समजून सांगा. मी चाळीस वर्सं सांधे बदलले. गाडी माझी नव्हती, रूळ माझा नव्हता, पण गाडी मनमाडला गेली का सोलापूरला गेली, ते माझ्या हातात होतं. ह्याच्या हातात काय होतं?”

भाचा उठून आंत गेला आणि जुनें, कडा झिजलेलें एक यंत्र घेऊन आला. २०१० सालीं त्यानें रचलेला खेळ त्यांत होता. बाहेर येण्यापूर्वीं तो कोणास दाखवूं नये असा करार असल्यामुळें त्यानें तेव्हां वडिलांस दाखविला नाहीं. नंतर दाखविण्याचा संकोच वाटला, कारण शेवटच्या नामावळींत कंपनीचें नांव होतें, माणसांचीं नव्हतीं. तीन वर्षांनीं परवान्याची मुदत संपली आणि खेळ विक्रींतून काढला गेला. तो पेटींतून विकला जात नसे. यंत्रांतल्याच दुकानांतून उतरवून घ्यावा लागे. तें दुकानही २०१७ च्या ३१ मार्चला मालकांनीं कायमचें बंद केलें. म्हणजे आज कोणी पैसे देऊं म्हटलें तरी तो खेळ कोठें मिळावयाचा नाहीं. अटारीचा माल उकिरड्यांतून तरी निघाला; ह्यास उकिरडाही नाहीं. ज्यांच्या यंत्रांत तो उरला असेल, तीं यंत्रें चालतील तोंपर्यंत त्याचें आयुष्य.

मेव्हण्यांनीं चष्मा लावला आणि यंत्र हातीं घेतलें. एक मोडका पूल होता. नायकास त्यावरून उडी मारावयाची होती. पहिल्यांदां तो पडला आणि खालीं बसून डोकें चोळूं लागला. दुसऱ्यांदां तेंच. तिसऱ्यांदां मेव्हण्यांचें बोट उशिरां पडलें. नायकाचा पाय फळी सोडून हवेंत गेलेला आम्हींही पाहिला. तरी त्यानें उडी घेतली आणि पलीकडे पोंचला.

“हें कसं?” मेव्हणे म्हणाले. “पाय तर सुटला होता.”

“सुटला होता, दादा,” भाचा म्हणाला. “पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं येतात. पाय सुटल्यावर सहा चित्रांपर्यंत बटन दाबलं तरी उडी मान्य करायची, असं मी ठेवलंय. आधी तीन ठेवली, मग दहा. दहांत तो हवेंत चालतोय असं दिसायला लागलं. सहावर यायला अकरा दिवस लागले. नियमपुस्तकांत हें नव्हतं. कोणी मागितलंही नव्हतं.”

मेव्हणे पुष्कळ वेळ कांहीं बोलले नाहींत. आमच्या मनांत आलें, सेकंदाचा दहावा भाग! यंत्रावर खेळणाऱ्या कोण्या परदेशी मुलास तो कळलाही नसेल; आपण वेळेवर उडी मारली असेंच त्यास वाटलें असेल. मग मेव्हण्यांनीं पुन्हां तो पूल ओलांडला, आणि मुद्दाम उशिरां बटन दाबून पाहिलें. “रुळावर असली सवलत नसते,” ते म्हणाले. पूर्वीं पुण्याहून मनमाडाकडे जाणाऱ्या गाड्यांचें एंजिन दौंडास ह्या टोकाचें काढून त्या टोकास लावावें लागे, त्या वेळच्या एका रात्रीची हकीकत त्यांनीं आम्हांस प्रथमच सांगितली. ती येथें लिहिण्याची परवानगी त्यांनीं दिलेली नाहीं.

लवाद म्हणून आमचें मत आम्हांस द्यावेंच लागलें. नोकरी एकदम सोडूं नये. तिघांनीं मिळून परवान्याचीं कामें कंत्राटानें घ्यावीं, हप्ता त्यांतून फेडावा, आणि उरल्या वेळांत आपला खेळ करावा. हा सल्ला प्राध्यापकी आहे हें आम्ही जाणतों. परंतु घर विकून पार पडलेल्या एका उदाहरणामागें घर विकून बुडालेलीं किती असतील, याची गणना कोणी ठेवीत नाहीं. भाच्यानें तो मानला. वडिलांनीं एकच अट घातली. शेवटीं नांवें आलीं पाहिजेत. तिघांचीं, आणि चित्रें काढणाऱ्या मुलीचेंही.

त्यांच्या खेळाचा विषय आहे वारी. तुकोबांची पालखी यवत, वरवंड अशी ह्यांच्याच तालुक्यांतून जाते. लहानपणापासून भाचा ती पाहत आला आहे. एक मुलगी दिंडींत आपल्या आजीपासून चुकते आणि पंढरपुरापर्यंत शोधीत जाते, एवढीच गोष्ट. तुकोबांचा परवाना कोणाकडून घ्यावयाचा, हा प्रश्न आम्हीं थट्टेनें काढला होता. मेव्हण्यांनीं तो मनावर घेतला. पुढच्याच आठवड्यांत ते यवतास जाऊन ओळखीच्या एका दिंडीच्या प्रमुखांस भेटून आले. त्या वृद्ध गृहस्थांनीं सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें कीं, “त्यात चालावं लागतं, का बटन दाबलं की पंढरपूर?”

चालावें लागतें, असें भाच्यानें कळविलें आहे. वेग अद्याप ठरलेला नाहीं.